पालखी सोहळ्याचे छायाचित्रण

पालखी सोहळ्याचे छायाचित्रण म्हणजे आषाढी वारीनिमित्त पंढरपूरकडे जाणाऱ्या पालख्या, त्यांच्यासोबत चालणाऱ्या दिंड्या, रिंगणे, मुक्काम आणि वारकऱ्यांचे वाटेवरील जीवन यांची कॅमेऱ्याच्या साहाय्याने केलेली नोंद होय. वृत्तछायाचित्रण, लोकजीवनाचे दस्तऐवजीकरण आणि हौशी छायाचित्रण या तिन्ही शाखांचा येथे संगम होतो. पावसाळी प्रकाश, दाट गर्दी, धावते अश्व आणि रात्रीचे तळ यांमुळे हे छायाचित्रण तांत्रिकदृष्ट्या कठीण मानले जाते. कॅमेऱ्याची निवड आणि त्याच्या वापराची मूलतत्त्वे समजून घेण्यासाठी मात्र ते एक उत्तम उदाहरण ठरते. प्रस्तुत लेखात संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा नीरा–लोणंद–तरडगाव हा टप्पा आधारासाठी घेतला आहे.

लोणंदचा टप्पा

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव असून कांद्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. पुणे–मिरज लोहमार्गावरील या स्थानकातून फलटणकडे जाणारा फाटा निघतो. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीस निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी व वाल्हे हे मुक्काम करून नीरा येथे येते. नीरा नदी ही पुणे व सातारा जिल्ह्यांची सीमा आहे. नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातल्यानंतर सोहळा सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो आणि लोणंद येथे मुक्कामी पोहोचतो. तिथीच्या क्षयवृद्धीनुसार येथील मुक्कामाचे दिवस कमीअधिक होतात.

लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब या ठिकाणी सोहळ्यातील पहिले उभे रिंगण होते. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा धरून उभ्या राहतात आणि त्यांच्या मधून अश्व रथापर्यंत धावत येऊन परत फिरतात. अश्व दोन असतात. एकावर ध्वजधारी स्वार असतो, तर दुसऱ्यावर स्वतः माउली आरूढ आहेत अशी श्रद्धा असल्याने त्यावर कोणी बसत नाही. हे अश्व अंकली येथील शितोळे सरकारांकडून येतात. सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हेही सातारा जिल्ह्यातील आरफळचेच होत.

नदीकाठचे स्नान, दुपारच्या उन्हातील चाल, तळावरील समाजआरती, राहुट्यांतील रात्र आणि धावते अश्व हे सर्व प्रसंग या टप्प्यात दोन-तीन दिवसांत येतात. छायाचित्रणात भेडसावणाऱ्या प्रकाशाच्या, अंतराच्या व गतीच्या बहुतेक अडचणी त्यामुळे एकाच ठिकाणी अभ्यासता येतात.

पूर्वेतिहास

लुई दागेर यांची छायाचित्रणपद्धती १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली व पुढील वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. त्या वेळी काचेच्या पट्ट्यांवर प्रतिमा घेत असत आणि त्यासाठी लागणारा प्रकाशनाचा काळ दीर्घ असे. त्यामुळे चालती दिंडी किंवा धावता अश्व यांचे स्पष्ट चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. जॉर्ज ईस्टमन यांच्या १८८८ च्या कोडॅक पेटी-कॅमेऱ्याने छायाचित्रण हौशी माणसाच्या हाती दिले. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३५ मिलिमीटर फिल्म रूढ करून हातात धरून झटपट छायाचित्रे घेण्याचा मार्ग मोकळा केला.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पुढे आगफा क्लिक-३ हा कॅमेरा लोकप्रिय झाला. तो बडोद्यात तयार होत असे. एका रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे निघत. शटरची गती एकच असे आणि प्रकाशासाठी सूर्य व ढग अशा चिन्हांमधून निवड करावी लागे. उदकमंडलम येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्मही त्या काळी प्रचलित होती. बारा चित्रांची मर्यादा असल्यामुळे घरोघरच्या जुन्या संग्रहांत वारीची छायाचित्रे आढळली तरी ती बहुधा स्थिर उभ्या माणसांची असतात.

वारीची शब्दांतील नोंद दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’ (१९६४) या पुस्तकात आढळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुंथर सोंथायमर आणि हेनिंग स्टेगम्युलर यांनी वारीवर माहितीपट तयार केला. तमाशा कलावंतांच्या छायाचित्रणासाठी ओळखले जाणारे संदेश भंडारे यांनी वारीचेही विस्तृत छायाचित्रण केले आहे. उद्धव ठाकरे यांचे ‘पहावा विठ्ठल’ (२०११) हे पुस्तक हवाई छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. उंचावरून समुदायाचे विराट रूप दिसते, तर जमिनीवरून व्यक्तीचा चेहरा दिसतो. वारीच्या छायाचित्रणाचे हे दोन मुख्य प्रवाह होत.

कॅमेऱ्याची निवड

कॅमेरा निवडताना किंमत किंवा मेगापिक्सेलची संख्या यांपेक्षा चार गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: विषय किती अंतरावर असणार, तो किती वेगाने हलणार, प्रकाश किती मिळणार आणि उपकरण किती वेळ वागवावे लागणार. पालखीसोबत दिवसभर चालणाऱ्यास उपकरणाचे वजन ही दुय्यम बाब राहत नाही.

*मोबाइल.* आजच्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारणपणे २४ ते २६ मिलिमीटर लेन्सइतके विस्तृत दृश्य घेतो. पाच मीटर अंतरावरील सुमारे साडेसात मीटर रुंदीचा भाग त्यात मावतो. भजनात रंगलेली दिंडी, पंगत, राहुटीतील स्वयंपाक किंवा तुळस डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया यांसाठी तो पुरेसा आहे. परंतु पन्नास मीटर अंतरावर हीच रुंदी पंच्याहत्तर मीटर होते आणि अश्व ठिपक्यासारखा दिसतो. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे केल्यास एका मर्यादेपलीकडे नवा तपशील मिळत नाही, फक्त असलेले चित्र ताणले जाते. स्वतंत्र दूरदर्शी लेन्स असलेल्या मोबाइलमध्ये ही उणीव काही अंशी भरून निघते.

*अदलाबदलीच्या लेन्सचे कॅमेरे.* यांत आरसा असलेले डीएसएलआर व आरसा नसलेले मिररलेस असे दोन प्रकार आहेत. यांचा संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, मोबाइलच्या तुलनेत पुष्कळ मोठा असतो. पूर्ण चौकटीचा संवेदक ३६ × २४ मिलिमीटर, तर एपीएस-सी प्रकारचा सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर असतो. मोठ्या संवेदकावर अधिक प्रकाश पडत असल्याने संधिप्रकाशातील चित्र स्वच्छ येते. २०० मिलिमीटर लेन्सने पन्नास मीटरवरील नऊ मीटर रुंदीचा भाग पूर्ण चौकटीत येतो, तर एपीएस-सी संवेदकावर तोच भाग सुमारे सहा मीटर रुंदीचा असतो. म्हणजे दुरून अश्व टिपण्यासाठी तुलनेने स्वस्त असा एपीएस-सी कॅमेरा उलट सोयीचा ठरतो.

*लेन्स.* गर्दीत लेन्स बदलणे धूळ व पावसामुळे धोक्याचे असते. नवशिक्याने एपीएस-सी कॅमेऱ्यासोबत १८ ते १३५ मिलिमीटरसारखी एकच बहुउपयोगी लेन्स घेणे व्यवहार्य ठरते. रात्रीच्या तळासाठी एफ/१.८ छिद्राची ३५ किंवा ५० मिलिमीटर लेन्स उपयुक्त असून ती वजनाने हलकी व किमतीने आटोपशीर असते.

*वापरलेला कॅमेरा.* मर्यादित खर्चात वापरलेला डीएसएलआर हा चांगला पर्याय आहे. खरेदीपूर्वी शटर किती वेळा वापरले गेले आहे ते पाहावे. लेन्समधून विजेरीचा प्रकाश टाकून बुरशीचे जाळे आहे का तेही तपासावे. आकाशाचे एफ/१६ वर छायाचित्र घेतल्यास संवेदकावरील डाग दिसून येतात. बॅटरी व चार्जर अद्याप बाजारात मिळतात की नाही याचीही चौकशी आवश्यक असते.

प्रकाशमात्रेची मूलतत्त्वे

संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण छिद्र आणि शटर यांनी ठरते. त्या प्रकाशातून चित्र किती उजळ उमटावे हे आयएसओ ठरवते.

*छिद्र* म्हणजे लेन्समधील लहान-मोठे करता येणारे द्वार. त्याचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात. आकडा जितका मोठा तितके द्वार लहान, आणि प्रत्येक पुढच्या आकड्यावर प्रकाश निम्मा होतो. मोठ्या द्वारामुळे केवळ एकच चेहरा स्पष्ट राहून मागील गर्दी धूसर होते. लहान द्वारामुळे पहिल्या टाळकऱ्यापासून मागच्या पताकांपर्यंत सर्व स्पष्ट दिसते.

*शटरगती* म्हणजे संवेदक प्रकाशासाठी खुला राहण्याचा काळ. हात हलून चित्र बिघडू नये म्हणून हा काळ लेन्सच्या लांबीच्या व्यस्तापेक्षा अधिक नसावा असा जुना संकेत आहे. उदाहरणार्थ, २०० मिलिमीटर लेन्सला १/२०० सेकंद. एपीएस-सी कॅमेऱ्यावर त्याहून थोडी अधिक गती घ्यावी लागते.

*आयएसओ* वाढविल्यास कमी प्रकाशातही चित्र उजळ येते, परंतु त्यात खरखरीत कण दिसू लागतात.

या तिन्हींचा मेळ घालण्यासाठी फिल्मच्या काळापासून एक ठोकताळा प्रचलित आहे. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवावे आणि शटरगती आयएसओच्या व्यस्ताइतकी, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद, घ्यावी. आभाळ दाट भरून आलेले असल्यास त्याच गतीला एफ/५.६ लागते. पालखी लोणंदला असताना आषाढाचे ढग असण्याची शक्यता असल्याने हा दुसरा आकडा अधिक कामी येतो. अशा वेळी अश्वासाठी १/१००० सेकंदाची गती हवी असल्यास एफ/५.६ वर आयएसओ सुमारे १००० ठेवावा लागतो. एफ/२.८ ची लेन्स असल्यास आयएसओ २५० पुरतो. महाग लेन्स नेमके काय विकत देते हे या फरकावरून समजते. मात्र आयएसओ १००० वर आजचे साधे कॅमेरेही समाधानकारक चित्र देत असल्याने नवशिक्यास त्या खर्चाची घाई करण्याचे कारण नाही.

पांढरा पोशाख आणि काळवंडलेले चेहरे

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. धोतर, सदरा व टोपी यांच्या शुभ्र समुदायाकडे तो रोखल्यास वस्त्रे करडी व चेहरे काळवंडलेले येतात. वारीच्या छायाचित्रांत हा दोष सर्रास आढळतो. यावर उपाय म्हणून प्रकाशमात्रा दोन-तृतीयांश ते एक थांबा वाढवावी. त्यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे बटण असते आणि मोबाइलमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवून प्रकाशाची पट्टी सरकवता येते. कडक उन्हात मात्र ही वाढ बेताची असावी, कारण पांढऱ्या वस्त्रातील चुण्या एकदा पूर्ण नाहीशा झाल्या की त्या नंतर परत आणता येत नाहीत. रॉ स्वरूपात साठवलेल्या चित्रात नंतरच्या दुरुस्तीस अधिक वाव राहतो.

प्रकाशाची दिशाही महत्त्वाची असते. लोणंदहून फलटणकडे जाणारा रस्ता पूर्वेकडे, किंचित आग्नेयेस झुकून जातो. दुपारी चारच्या सुमारास सूर्य पश्चिमेला, म्हणजे चालणाऱ्यांच्या पाठीशी असतो. पुढे उभे राहून रथाकडे कॅमेरा रोखल्यास चेहरे छायेत जातात, मात्र पताका व धूळ प्रकाशाने उजळतात. चेहरे हवे असल्यास रस्त्याच्या कडेने उभे राहून सूर्याला तिरपा कोन साधावा.

मुक्कामाच्या ठिकाणी विजेच्या दिव्यांचा प्रकाश असतो. भारतातील वीजप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात व जलद शटरगतीत चित्रावर आडवे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० सेकंद ही गती ठेवल्यास ते टळतात. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावताच तळावर शांतता पसरते. त्या क्षणी शटरचा आवाज बंद ठेवणे व फ्लॅश न वापरणे उचित होय.

रिंगणाचे छायाचित्रण

अश्वाचा वेग ताशी ४० किलोमीटर धरल्यास तो सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापतो. म्हणजे १/६० सेकंदात तो साडेअठरा सेंटिमीटर, १/२५० सेकंदात साडेचार सेंटिमीटर आणि १/१००० सेकंदात जेमतेम एक सेंटिमीटर पुढे सरकतो. यावरून स्पष्ट चित्रासाठी लागणारी गती ठरते.

चांदोबाच्या लिंबाजवळील उभ्या रिंगणात अश्व दोन रांगांमधून सरळ धावतात. छायाचित्रकार रांगेच्या कडेला उभा असल्यास अश्व आधी त्याच्याकडे येतो आणि क्षणार्धात बाजूने निघून जातो. येताना आडवी हालचाल कमी दिसते, पण अंतर सतत बदलत असते. म्हणून फोकस सतत जुळवत राहणारी पद्धत आणि लागोपाठ चित्रे घेण्याची सोय वापरावी. माळशिरस तालुक्यातील पुरंदवडे येथे होणाऱ्या गोल रिंगणात अश्व समोरून आडवा जातो. तेथे १/३० ते १/६० सेकंद गती ठेवून कॅमेरा अश्वासोबत फिरवल्यास अश्व बऱ्यापैकी स्पष्ट व पार्श्वभूमी पुसट येऊन वेगाचा आभास निर्माण होतो. या पद्धतीस पॅनिंग म्हणतात. तिचा सराव रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाकींवर आधीच करता येतो.

रिंगण काही मिनिटांतच संपते. जागा मात्र बऱ्याच आधी धरावी लागते. जागा धरताना रांगेतील वारकऱ्यांच्या पुढे येणे, अश्वाच्या मार्गात वाकणे किंवा मोबाइल धरलेला हात मध्ये घालणे हे धोक्याचे आहे. धावत्या अश्वास अचानक थांबता येत नाही. तो बुजल्यास इजा छायाचित्रकारापेक्षा रांगेतील वृद्ध वारकऱ्यांना होण्याचा संभव अधिक असतो. अश्व गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी लोक धाव घेतात. त्या वेळी जमिनीवर बसून चित्र घेणे टाळावे. लांब लेन्सचा खरा उपयोग येथेच आहे: तिच्यामुळे रांगेच्या मागे राहूनही अश्व टिपता येतो.

पाऊस, धूळ आणि बुरशी

कॅमेऱ्यासाठी तयार पावसाळी आवरणे मिळतात. त्यांच्या अभावी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीस लेन्सपुरते भोक पाडून ती रबराने आवळली तरी काम भागते. लेन्सवरील संरक्षक पन्हाळे उन्हाच्या तिरिपेप्रमाणेच थेंबांपासूनही बचाव करते. ओला कॅमेरा बंद पिशवीत तसाच ठेवू नये. पुसून, हवेशीर जागी वाळवून मग तो सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांहून अधिक राहिल्यास लेन्सवर बुरशी वाढते व ती काचेवरील लेप कायमचा खराब करू शकते.

संमती आणि मर्यादा

वारीचा रस्ता सार्वजनिक असला तरी वारकऱ्याचे तेथील सर्व जीवन सार्वजनिक नसते. घर मागे ठेवून निघालेल्या माणसाला आंघोळ, कपडे बदलणे, झोप, आजारपण हे सारे उघड्यावर किंवा राहुटीत उरकावे लागते. नीरेच्या काठी व तळावरील टँकरजवळ स्नान करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे घेणे हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. खासगी कृतीत असलेल्या स्त्रीचे छायाचित्र घेणे किंवा प्रसृत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमान्वये गुन्हा आहे. भेगाळलेले पाय, थकून निजलेले चेहरे किंवा अश्रू यांची चित्रे परिणामकारक असतात. तथापि ती घेण्यापूर्वी किंवा घेतल्यावर लगेच त्या व्यक्तीस दाखवून होकार घ्यावा. ‘माउली, फोटो काढू का?’ एवढा प्रश्न पुरेसा असतो. नकार मिळाल्यास घेतलेले चित्र पुसून टाकावे. लहान मुलांच्या बाबतीत सोबतच्या पालकांची संमती आवश्यक मानावी.

डोक्यावर तुळस किंवा हंडा घेऊन चालणाऱ्या स्त्रीला पुन्हा एकदा तसेच चालून दाखवण्यास सांगणे, पैसे देऊन फुगडी घालावयास लावणे अशा प्रकारांनी दस्तऐवज म्हणून चित्राचे मोल नष्ट होते. ते चित्र मग वारीचे राहत नाही, छायाचित्रकाराच्या कल्पनेचे होते.

ड्रोनच्या वापरास ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. वजनानुसार त्यांचे वर्ग असून २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो वर्गात मोडतात. नियमांची पूर्तता झाली असली तरी सोहळ्याच्या काळात स्थानिक पोलिसांचे आदेश तपासणे आवश्यक असते. गर्दीवर ड्रोन कोसळण्याचा आणि आवाजाने अश्व बुजण्याचा धोका लक्षात घेता परवानगीविना तो उडवू नये.

जतन आणि स्वामित्वहक्क

छायाचित्राचे मूल्य काळाबरोबर वाढते, परंतु त्यासाठी ते ओळखता आले पाहिजे. प्रत्येक चित्रासोबत तिथी, दिनांक, ठिकाण आणि शक्य असल्यास दिंडीचा क्रमांक नोंदवावा. माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागील दिंड्यांचे क्रमांकही ठरलेले असतात. त्यामुळे क्रमांकाची नोंद झाल्यास पुढील पिढ्यांना आपल्या गावची दिंडी शोधता येते. मूळ फायली दोन वेगळ्या साधनांवर ठेवून त्यांपैकी एक घराबाहेर असावे. क्लिक-३ च्या काळातील निगेटिव्ह उपलब्ध असल्यास छापील प्रतीऐवजी त्यांचेच स्कॅनिंग करावे, कारण त्यांत तपशील अधिक असतो.

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, अन्यथा करार नसल्यास, ते काढवून घेणारी व्यक्ती असते. वारकऱ्याने दिलेली छायाचित्र घेण्याची संमती ही ते जाहिरातीत वापरण्याची संमती समजू नये. छायाचित्रित व्यक्तीस चित्राची एक प्रत पोहोचविणे हा कायद्याचा भाग नसला, तरी वारीचे छायाचित्रण करणाऱ्याने पाळावा असा चांगला रिवाज होय.